वाकण्याआड लपलेलं घसरणं

दोन सारख्या लाकडी फळ्या घ्या. एकीवर दुसरी ठेवा, दोन्ही टोकांखाली विटा लावा, मधोमध वजन ठेवा आणि किती झोल येतो ते मोजा. मग त्याच फळ्या गोंदानं नीट चिकटवा, रात्रभर क्लॅम्पमध्ये दाबून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तेच वजन तिथेच ठेवा. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच, विटांमधलं अंतर तेवढंच. झोल मात्र पहिल्याच्या एक चतुर्थांश.

सुट्या फळ्या वाकतात तेव्हा त्यांच्या टोकांकडे बघा. वजन ठेवण्याआधी दोघींच्या कडा एका रेषेत होत्या, आता तिथे बारीकशी पायरी पडलेली दिसेल. वरच्या फळीचा तळ ताणला गेलाय आणि खालच्या फळीचा माथा आखडलाय, म्हणून दोघी एकमेकींवरून घसरल्यात. गोंद ही पायरी पडू देत नाही. घसरू पाहणाऱ्या दोन पृष्ठभागांना तो घट्ट धरून ठेवतो, आणि चौपट ताठपणा येतो तो नेमका या धरून ठेवण्यातून.

आता अखंड तुळईचा विचार करा. तिच्यात ना सांधा, ना गोंद. तरीही मनातल्या मनात तिचे हवे तेवढे आडवे थर पाडले, तर प्रत्येक थर खालच्या थरावरून घसरायला बघत असतो आणि प्रत्येक थराला लाकूड स्वतःच धरून ठेवत असतं. बाहेरून दिसतं ते फक्त वाकणं. आत अखंड चाललेली ही घसरण्याची ओढ म्हणजे शिअर, पाठ्यपुस्तकातलं कर्तन बल. इमारतींचं विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांत गूढ आणि सगळ्यांत कमी बघितला जाणारा कोपरा कुठला, असं मला विचारलं तर मी याच शिअरकडे बोट दाखवेन.

या ओढीचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते एका रेल्वे इंजिनिअरनं. सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को लोहमार्गाचं काम चालू होतं, आणि १८४४ मध्ये वेरेब्या नदीच्या खोल दरीवर लाकडी पूल बांधायची जबाबदारी द्मित्री झुरावस्की या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणावर आली. त्या काळची पुस्तकं तुळईच्या ताणल्या आणि दाबल्या जाणाऱ्या तंतूंचं गणित शिकवत. पण लाकूड तंतूंना आडवं तोडायला कठीण आणि तंतूंच्या दिशेनं चिरायला सोपं, हे कुऱ्हाड चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. थरांची घसरण नेमकी याच सोप्या दिशेनं होते. उंच तुळया आणि अनेक ओंडके जोडून केलेल्या तुळया यांमध्ये हा धोका मोठा आहे, हे झुरावस्कींनी हेरलं. ओंडके एकत्र धरणाऱ्या लाकडी खुंट्यांवर आणि लोखंडी बोल्टांवर किती बळ येतं ते काढायची रीत त्यांनी बसवली. आज भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला शिकवलं जाणारं शिअर ताणाचं सूत्र तिथूनच आलंय.

या सूत्रामागचा विचार इतका साधा आहे की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुळईचा एक छोटा तुकडा डोळ्यांसमोर आणा, डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींपासून बोटभर अंतरावर. उजवीकडे वाकवणारा जोर डावीपेक्षा किंचित जास्त आहे, म्हणून वरच्या भागावरचा दाबही उजवीकडे किंचित जास्त. हा फरक त्या वरच्या भागाला डावीकडे ढकलतो. तरी तो जागचा हलत नाही, म्हणजे त्याला खालून कुणीतरी धरलंय. ते धरणं म्हणजेच शिअर. वजाबाकी करा, धरणाऱ्या क्षेत्रफळानं भागा, उत्तर हातात. आयताकृती छेदात हा ताण वरच्या आणि खालच्या कडेला शून्य असतो आणि मधोमध सरासरीच्या दीडपट. वाकण्याचा ताण नेमका उलट वागतो, तो कडांना सर्वांत जास्त आणि मध्ये शून्य. एकाच छेदात दोन ताण अशा रीतीनं जागा वाटून घेतात.

असं असूनही इमारतींच्या गणितात शिअरमुळे येणारा झोल लोकांनी शतकभर सोडून दिला, आणि तसं करण्यात त्यांचं फारसं चुकलंही नाही. बर्नोली आणि ऑयलर यांच्या जुन्या सिद्धांतात एक गृहीतक आहे. तुळईचा सपाट छेद वाकल्यानंतरही सपाटच राहतो आणि तुळईच्या अक्षाशी काटकोन धरून राहतो. काटकोन अभंग राहिला म्हणजे थर जराही घसरले नाहीत. त्यामुळे या सिद्धांतात शिअरचं बळ आहे, ते समतोलातून काढताही येतं, पण त्या बळानं होणारा बदल मात्र शून्य. जणू तो पदार्थ घसरण्याच्या बाबतीत अनंत ताठ आहे. विरोधाभास उघड आहे, तरी आकडे सिद्धांताला सांभाळून घेतात. आपल्याकडच्या घरांमध्ये ९ इंची भिंतीत बसणारा २३० मिलिमीटर रुंद आणि ४५० मिलिमीटर उंच काँक्रीटचा बीम सर्रास असतो. त्याचा गाळा, म्हणजे आधारांमधलं अंतर, साडेचार मीटर असेल आणि दोन्ही टोकं नुसती टेकलेली असतील, तर वाकण्यानं आलेल्या झोलाच्या मानानं शिअरचा झोल तीन टक्क्यांच्या आतच राहतो. एवढ्यासाठी गणित किचकट कोण करेल?

खरी गंमत त्या टक्क्यांच्या वागण्यात आहे. शिअरचा वाटा उंची आणि गाळा यांच्या गुणोत्तराच्या वर्गानुसार वाढतो. गाळा निम्मा केला की वाटा चौपट. तोच बीम ९०० मिलिमीटर गाळ्यावर टाकून मधोमध भार दिला, तर शिअरचा झोल वाकण्याच्या झोलाच्या बहात्तर टक्क्यांवर जातो. पदार्थाचाही यात हात असतो. काँक्रीट आणि पोलाद घसरायला ताणण्याच्या मानानं अडीचपट सोपे, लाकूड मात्र सुमारे सोळापट. म्हणून साडेचार मीटरच्या आणि ४५० मिलिमीटर उंचीच्या लाकडी तुळईत हाच वाटा वीस टक्क्यांच्या जवळ जातो. लाकडी पूल बांधणाऱ्याच्या डोळ्यांत शिअर आधी भरावा, हे त्यामुळे अगदी साहजिकच होतं.

मग छेदाचं प्रत्यक्षात होतं तरी काय? झुरावस्कींच्याच काळात, १८५६ मध्ये, फ्रान्समध्ये सँ-वेनाँ यांनी ते अचूक मांडलं. कडांना ताण शून्य, म्हणून तिथला काटकोन तसाच राहतो. मध्ये ताण सर्वांत जास्त, म्हणून तिथला काटकोन सर्वांत जास्त मोडतो. सपाट छेद सपाट न राहता इंग्रजी एस अक्षरासारखा हलकेच वळतो. इमारतीतल्या प्रत्येक बीमच्या जवळपास प्रत्येक छेदात हे वळण असतं, आणि नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसत नाही.

ते वळण संगणकात आणायचं तर अडचण उभी राहते. इमारतीच्या मॉडेलमध्ये बीम म्हणजे एक रेष. तिला जाडी नाही, पोट नाही, थर नाहीत, तिच्या सोबत फक्त काही आकडे जोडलेले असतात. रेषेत एसचं वळण कुठे ठेवणार? यातून वाट काढली स्टीफन टिमोशेंको यांनी. युक्रेनमध्ये जन्मलेले, रशियन क्रांतीनंतरच्या धामधुमीत कीव्ह सोडून झाग्रेबला पोचलेले हे प्राध्यापक. १९२१ मध्ये कंप पावणाऱ्या दांड्यांवरच्या एका निबंधात त्यांनी छेदाचं फिरणं आणि अक्षाचा चढ या दोन गोष्टी एकमेकींपासून मोकळ्या केल्या. जुन्या सिद्धांतात त्या एकच होत्या. आता छेद सपाटच राहतो, पण अक्षाशी काटकोनात असायची सक्ती उरत नाही, आणि दोहोंमधला फरक म्हणजे शिअरचा कोन. एसच्या जागी त्यांनी एक तिरकी सरळ रेघ बसवली. या विचारात भौतिकशास्त्रज्ञ पाउल एरेनफेस्ट यांचाही वाटा होता, म्हणून काही अभ्यासक आता या सिद्धांताला दोघांची नावं देतात, आणि मला ते रास्त वाटतं.

वळणाच्या जागी सरळ रेघ ठेवली की काहीतरी हातचं सुटणार. ते भरून काढायला एक गुणक लागतो. आयतासाठी तो पाच-षष्ठांश, आणि हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ताणामुळे पदार्थात साठणारी ऊर्जा ताणाच्या वर्गावर अवलंबून असते. ताण सगळीकडे सारखा असता आणि त्याला १ म्हटलं असतं, तर वर्गही १. पण खरा ताण मध्ये दीड, कडांना शून्य आणि दरम्यान पॅराबोलाच्या गोलाईनं उतरणारा. त्याची सरासरी १ च भरते, त्याच्या वर्गाची सरासरी मात्र भरते १.२. म्हणजे खरा छेद समान ताणाच्या काल्पनिक छेदापेक्षा १.२ पट लवचीक. त्याचं क्षेत्रफळ १.२ नं भागलं की दोन्हींची ऊर्जा जुळते, आणि १ भागिले १.२ म्हणजेच पाच-षष्ठांश. आपल्या २३० बाय ४५० च्या बीमचं क्षेत्रफळ १,०३,५०० चौरस मिलिमीटर, शिअरसाठी कामाचं ८६,२५०. ताणाची अख्खी गोलाई, सँ-वेनाँचं वळण, थरांची सगळी ओढाताण, एवढं सगळं या एका आकड्यात घडी घालून ठेवलंय. मी हा आकडा पुष्कळ वेळा पाहिलाय, तरी दर वेळी त्याच्याकडे थोडं थांबून बघावंसं वाटतं.

तो आकडा एकमतानं ठरलेला नाही, हीही एक नवलाईच. टिमोशेंको यांनी १९२१ मध्ये आयतासाठी दोन-तृतीयांश धरला होता. पुढे त्यांनी तो बदलला, इतरांनी आपापल्या वाटेनं वेगळे काढले. १९६६ मध्ये कॅनडातल्या कूपर यांनी दिलेल्या सूत्रात पदार्थाचा प्वासाँ गुणांकही (ताणल्यावर तो बाजूनं किती आकसतो याचं माप) येतो आणि पोलादासाठी उत्तर ०.८५ येतं. साध्या आयताबद्दल शास्त्रज्ञ पंचेचाळीस वर्षं विचार करत राहिले. आय आकाराच्या पोलादी तुळईत मात्र भांडण कमी. तिथे शिअरचा जवळपास सगळा भार मधला उभा पत्रा उचलतो, म्हणून उंची गुणिले त्या पत्र्याची जाडी एवढंच क्षेत्रफळ धरतात. ३०० मिलिमीटर उंचीच्या आपल्या नेहमीच्या आयएसएमबी तुळईत ते एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे चाळीस टक्के भरतं. उरलेले साठ टक्के लोखंड वाकण्याशी झुंजतं, शिअरच्या वाट्याला फारसं जात नाही.

आता सॉफ्टवेअर उघडू. सॅप२००० किंवा ईटॅब्समध्ये बीमच्या छेदाची माहिती भरायच्या चौकटीत क्षेत्रफळ, जडत्वाचे आघूर्ण, पिळाचा स्थिरांक आणि दोन दिशांची दोन शिअर क्षेत्रफळं असतात. आयताची लांबी-रुंदी दिली की शिअर क्षेत्रफळ सॉफ्टवेअर स्वतःच भरतं, गुपचूप, पाच-षष्ठांशानं. पण स्वतः आकडे भरायला बसलात तर एक विलक्षण नियम समोर येतो. जडत्वाच्या आघूर्णाच्या जागी शून्य लिहिलं तर वाकण्याचा ताठपणा शून्य होतो, हे अपेक्षितच. शिअर क्षेत्रफळाच्या जागी शून्य लिहिलं तर मात्र ताठपणा शून्य होत नाही, अनंत होतो. त्या शून्याचा अर्थ आहे, शिअरचा झोल मोजूच नका. एका शून्यानिशी तुम्ही टिमोशेंकोंना सोडून पुन्हा बर्नोलींकडे जाता. शेजारशेजारच्या दोन चौकटी, दोन्हींत शून्य, आणि अर्थ अगदी दोन टोकांचे! नवशिक्या इंजिनिअरला हे कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

आतलं गणितही देखणं आहे. बीमच्या ताठपणाच्या सूत्रात भाजकाच्या जागी १ अधिक एक छोटी राशी असते. ती छोटी राशी म्हणजे वाकण्याचा ताठपणा आणि शिअरचा ताठपणा यांचं गुणोत्तर. गाळा लांब असला की ती विरून जाते आणि जुना सिद्धांत जसाच्या तसा परत येतो. गाळा आखूड झाला की तीच सगळा कारभार हाती घेते. मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींमध्ये लिफ्टभोवती काँक्रीटच्या भिंती असतात आणि त्यांत दारं पाडलेली असतात. दोन भिंतींना दारावरून जोडणारा बीम हे याचं उत्तम उदाहरण. दार ९०० मिलिमीटरचं आणि वरचा बीम ६०० मिलिमीटर उंच धरला, तर न तडकलेल्या काँक्रीटसाठी ती राशी सुमारे १.२८ येते. म्हणजे शिअर धरला तर बीमचा ताठपणा न धरलेल्याच्या चव्वेचाळीस टक्केच. शिअर विसरलेल्या मॉडेलमध्ये हा बीम खऱ्याच्या सव्वादोनपट ताठ दिसतो, भूकंपाचं बळ हक्कानं स्वतःकडे ओढतो आणि अख्खी इमारतच आहे त्याहून कमी डोलणारी भासते.

अशा बीमचं काय होतं ते १९६४ च्या अलास्का भूकंपात अँकरेज शहरानं पाहिलं. तिथल्या माउंट मॅकिन्ले इमारतीत मजल्यामागून मजल्यावर जोडबीममध्ये फुलीच्या आकाराचे तडे गेले. एका झोक्याला एक तिरका तडा, उलट्या झोक्याला दुसरा. पुढे न्यूझीलंडमध्ये टॉमस पॉले यांनी प्रयोग करून अशा बीममध्ये सळ्याच तिरक्या टाकायची रीत रूढ केली. आपल्या आयएस १३९२० मध्येही ती आलेली आहे.

इथे आपल्या रोजच्या कामातली एक गोष्ट बोलायलाच हवी. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे भूकंपाच्या विश्लेषणात काँक्रीट तडकलेलं धरून बीमचं जडत्वाचं आघूर्ण ३५ टक्के आणि कॉलमचं ७० टक्के घ्यायचं असतं. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या चौकटीत ०.३५ आणि ०.७० रोज टाइप होतात, आणि शिअर क्षेत्रफळाचा गुणक १ वरच राहतो. याचा परिणाम काय होतो पाहा. मघाच्या जोडबीममधली ती राशी १.२८ वरून ०.४५ वर येते. म्हणजे तडा गेल्यावर हा बीम मुख्यतः वाकतो, घसरत फारसा नाही, असं मॉडेल समजतं. प्रत्यक्षात तिरके तडे गेले की शिअरचा ताठपणाही ढासळतो, आणि आखूड बीममध्ये पुष्कळदा तोच आधी. लांब बीमला यानं काही बिघडत नाही. पण आखूड जोडबीमला हा गुणक १ वर ठेवणं मला पटत नाही, आणि तो विचार न करता तसाच राहतो हे त्याहून पटत नाही.

मर्यादित घटकांच्या पद्धतीत, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून केलेल्या गणितात, शिअर आणखी एका तऱ्हेनं चकवतो. टिमोशेंकोंच्या सिद्धांतावर सर्वांत साधा एलिमेंट बनवू. झोल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत बदलतो, छेदाचं फिरणंही सरळ रेषेत बदलतं. झोल सरळ रेषेत बदलला म्हणजे चढ सगळीकडे एकच, फिरणं मात्र जागोजागी वेगळं. सडपातळ बीममध्ये हे दोन सगळीकडे सारखे असायला हवेत, कारण तिथे शिअरचा कोन जवळपास शून्य. एक स्थिर आणि एक बदलती गोष्ट सगळीकडे सारखी व्हायला एकच मार्ग उरतो, बदलणारीनं बदलणं थांबवायचं. मग बीम वाकतच नाही. पातळ पट्टीही दगडासारखी ताठ असल्याचं उत्तर येतं. यावरचा उपाय असा की शिअर अनेक ठिकाणी न तपासता एलिमेंटच्या मधोमध एकाच बिंदूवर तपासायचा, जिथे चढ आणि फिरणं जुळू शकतात. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठातले झिएंकिएविझ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये पाट्या आणि कवचांसाठी ही वाट दाखवली. कमी ठिकाणी तपासून उत्तर जास्त खरं येतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

इथवर पदार्थ शहाण्यासारखा वागत होता. काँक्रीट तसं वागत नाही. भूकंपात काँक्रीटचा कॉलम तडकून, चुरगळून, सळ्या ताणून कसा झुलतो हे पाहायला बर्कलीत तयार झालेलं ओपनसीस हे मोफत सॉफ्टवेअर जगभरचे संशोधक वापरतात. त्यात छेदाचे शेकडो तंतू पाडतात. प्रत्येक तंतू म्हणजे काँक्रीटचा किंवा सळीचा एक ठिपका, आणि प्रत्येकाला ताणाचा-दाबाचा स्वतःचा स्वभाव. वाकणं आणि अक्षीय दाब यांचा एकमेकांवर होणारा परिणाम मग आपोआप बाहेर येतो, कुणाला काही वेगळं सांगावं लागत नाही. कॉलमवर भार वाढला की त्याची वाकण्याची ताकद बदलते, तडे उघडतात-मिटतात, सळी वितळल्यासारखी लांबत जाते, हे सगळं पडद्यावर उमटतं. पण हे तंतू एकाच दिशेचे. त्यांना ताणणं आणि दबणं कळतं, घसरणं कळत नाही. म्हणून शिअर वेगळा आणून जोडावा लागतो. ओपनसीसमध्ये त्यासाठी सेक्शन अ‍ॅग्रिगेटर नावाची सोय आहे. तयार तंतूछेदाच्या शेजारी शिअरसाठी एक स्वतंत्र स्प्रिंग बसवायची आणि दोघांना एकाच छेदात बांधायचं.

दोघे एकत्र नांदतात खरे, पण आपसांत बोलत नाहीत. तंतू चुरगळले तरी स्प्रिंगला पत्ता नाही, स्प्रिंग तुटली तरी तंतू आपले ताण घेतच राहतात. वाकण्याचं उत्तर सॉफ्टवेअर काढतं, शिअरचं उत्तर मात्र आपण आधी सांगितलं तेवढंच ते परत सांगतं. हे फार महत्त्वाचं आहे. स्प्रिंगचा ताठपणा, ती कुठल्या बळाला तडकणार, कुठे तुटणार, आलटून-पालटून हलवल्यावर तिची पकड कशी ढिली होणार, सगळं मॉडेल करणाऱ्यानं आधी ठरवायचं. पडद्यावर शिअर ठीक दिसला, याचा अर्थ कधीकधी एवढाच की आपण तो ठीक असल्याचं लिहून दिलं होतं.

काँक्रीटमधला शिअर इतका हट्टी का, हे समजायला टोरोंटोला जावं लागतं. पण त्याआधी, १९५५ मध्ये, अमेरिकेत ओहायोतल्या शेल्बी इथे हवाई दलाच्या गोदामाचं छप्पर कोसळलं. जिथे बीम तुटले तिथे त्यांच्यात मुख्य सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा नव्हत्या. त्या घटनेनं संशोधकांची झोप उडवली. टोरोंटो विद्यापीठात पुढे फ्रँक वेक्कियो आणि मायकेल कॉलिन्स यांनी ८९० मिलिमीटर चौरस आणि ७० मिलिमीटर जाड अशा काँक्रीटच्या तीस पाट्या बनवल्या. खास यंत्रात कडेकडेनं धरून त्यांना निव्वळ शिअर दिला, काहींना त्यासोबत ताण किंवा दाब. १९८६ मध्ये त्यांचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. पाटी तिरकी तडकते, तड्यांमधल्या काँक्रीटच्या पट्ट्या तिरक्या खांबांसारख्या दाब घेतात. पण त्याच वेळी त्या पट्ट्यांना आडवा ताण बसत असतो, सळ्या त्यांना बाजूनं खेचत असतात, आणि या ओढाताणीत काँक्रीट दाबालाही नेहमीपेक्षा मऊ पडतं. तडे जितके रुंद तितकं मऊ. साइटवर बारबेंडर बांधतात त्या रिंगा याच तड्यांना आडव्या जातात आणि त्यांना रुंदावू देत नाहीत. आधाराजवळ रिंगा जवळजवळ का हव्यात आणि त्यांचे हूक १३५ अंशांत आत का वळवायचे, याचं कारण त्या तिरक्या पट्ट्यांमध्ये आहे.

याच दोघा प्राध्यापकांनी पुढे एका मोठ्या अपघाताचा तपशीलवार अभ्यास केला. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेतल्या स्टाव्हांगरजवळच्या गांड्स फ्योर्डमध्ये स्लाइप्नर ए या समुद्री प्लॅटफॉर्मच्या काँक्रीट पायाची पाण्यात बुडवून चाचणी चालू होती. उत्तर समुद्रात ८२ मीटर पाण्यात उभा राहणारा हा पाया चोवीस गोल कोठ्यांचा होता. कोठ्या एकमेकींना टेकतात तिथे त्रिकोणी पोकळ्या राहतात, त्यांत समुद्राचं पाणी भरलेलं, आणि पोकळीची प्रत्येक भिंत त्या दाबाखाली आखूड बीमसारखी काम करते. आखूड, जाड आणि दोन्ही टोकांना धरलेली, म्हणजे शिअरचं हक्काचं घर. मर्यादित घटकांच्या विश्लेषणात तिथली जाळी जाडीभरडी होती, आणि भिंतींतला शिअर खऱ्यापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आला. भिंती त्या हिशेबानं बेतल्या गेल्या. पाया खाली जात असताना एक भिंत फुटली, पाणी आवरेना, आणि सगळा डोलारा तळाशी जाऊन आदळला. त्या आदळण्यानं रिश्टर मापनावर ३ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. जीवितहानी झाली नाही. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणानं सांगितलं की अशी भिंत ६२ मीटर खोलीला फुटायला हवी. प्रत्यक्षात ती फुटली होती ६५ मीटरला. चुकलेलं आणि बरोबर आलेलं, दोन्ही उत्तरं एकाच पद्धतीतून आली होती.

ज्यांच्याकडे असं सॉफ्टवेअर आहे त्यांनी पंधरा मिनिटांचा एक प्रयोग जरूर करावा. २३० बाय ४५० चा, ९०० मिलिमीटर लांब, एका टोकाला पक्का धरलेला बीम. काँक्रीट एम २५, म्हणजे लवचीकतेचा गुणांक २५,००० मेगापास्कल आणि प्वासाँ गुणांक ०.२. मोकळ्या टोकाला १०० किलोन्यूटनचा भार द्या, बीमचं स्वतःचं वजन सोडून द्या. शिअर क्षेत्रफळ शून्य ठेवलं तर टोकाचा झोल ०.५५७ मिलिमीटर येईल. ८६,२५० चौरस मिलिमीटर ठेवलं तर ०.६५७. मधला ०.१ मिलिमीटर कागदावर दोन ओळींत काढता येतो: भार गुणिले लांबी, भागिले शिअरचा गुणांक गुणिले शिअर क्षेत्रफळ. मग तोच बीम बारीक जाळीच्या घन एलिमेंटनी उभा करा आणि बदललेला आकार काहीशे पटींनी मोठा करून पाहा. जाळीच्या उभ्या रेषा सरळ राहिलेल्या नसतील, त्यांना एसचं वळण आलेलं दिसेल. पक्क्या धरलेल्या टोकाशी ते वळण नसेल, कारण तिथे छेदाला वाकडं व्हायला मुभाच नाही. टोकापासून साधारण बीमच्या उंचीइतकं, म्हणजे साडेचारशे मिलिमीटर, पुढे आलं की ते पूर्ण उमटलेलं असेल.